पिकअपला कायमचा एअर कॉम्प्रेसर बसवायचा तर

लायटरच्या सॉकेटला लावायचा हवेचा छोटा पंप कारला पुरतो, पिकअपला पुरत नाही. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. म्हणजे पंपाला फार तर १५०-१८० वॉट मिळतात. माल भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला ५०-६० पीएसआय हवा लागते, आणि तिथपर्यंत पोचता पोचता हा पंप हात लावू देत नाही इतका तापतो. शेतावर ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरणं, हार्वेस्टरच्या रेडिएटरमध्ये अडकलेला भुसा उडवणं, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर टायर नरम करून पुन्हा डांबरीवर येताना हवा भरून घेणं, अशी कामं वारंवार असतील तर गाडीलाच कायमचा बसवलेला, थेट बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हवा.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. हे काम दिसायला हवेचं असलं तरी त्यातला मोठा भाग विजेचा आहे. मोटर जळाली, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वितळला, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा बारीक वायर, कच्चा जोड किंवा भलत्या जागी लावलेला फ्यूज सापडतो. म्हणून कॉम्प्रेसरवर खर्च करून वायरिंगमध्ये काटकसर करू नका. बजेट कमी असेल तर कॉम्प्रेसर एक पायरी लहान घ्या, पण वायर जाडच घ्या.

कॉम्प्रेसर निवडताना

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मोकळ्या प्रवाहाचा असतो, म्हणजे समोर काहीच दाब नसतानाचा. टायरमध्ये दाब वाढत जातो तशी कॉम्प्रेसरची हवा देण्याची ताकद उतरत जाते. एआरबी या कंपनीच्या एकेरी मोटरच्या १२ व्होल्टी मॉडेलचं उदाहरण घ्या. मोकळा प्रवाह मिनिटाला सुमारे ६२ लिटर, पण समोर २९ पीएसआय असताना ४६ लिटर. त्यांच्याच जोडमोटरच्या मॉडेलचे आकडे १७४ आणि १३२ आहेत. तेव्हा दुकानदाराला विचारायचं ते हे, की ६० पीएसआयला किती लिटर देतो? माहितीपत्रकात दाबानुसार प्रवाहाचा तक्ता असतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आकडे सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असतील तर १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर.

गरज किती, ते साध्या हिशेबाने निघतं. टायरमधली जागा (लिटर) गुणिले वाढवायचा दाब (पीएसआय), भागिले १४.७, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. २१५/७५ आर १५ टायरमध्ये साधारण ४५ लिटर जागा असते. तो ३० वरून ६० पीएसआयवर न्यायचा तर ४५ गुणिले ३० भागिले १४.७, म्हणजे सुमारे ९२ लिटर मोकळी हवा लागते. एकेरी मोटरचा चांगला कॉम्प्रेसर हे अडीच-तीन मिनिटांत करतो. मोठा, २६५/६५ आर १७ टायर साधारण ६० लिटरचा. १८ वरून ३२ वर न्यायला ५७ लिटर, चारही टायरांना मिळून २३० लिटर. नळी बदलण्याचा वेळ धरून आठ-दहा मिनिटांचं काम. ट्रॅक्टरचा १३.६-२८ मागचा टायर दोनशे लिटरच्या घरात जातो, पण त्याला दाब जेमतेम १२-१५ पीएसआय लागत असल्याने तोही चार-पाच मिनिटांत उभा राहतो. त्यात पाणी भरलेलं असेल तर आणखी कमी वेळात. एका गाडीला आणि अधूनमधून ट्रॅक्टरला एकेरी मोटर पुरते. जोडमोटरचा कॉम्प्रेसर ६५-७० अँपिअर ओढतो आणि त्यासाठी वायर, फ्यूज, रिले सगळंच दुप्पट जाड लागतं. रोजचं काम असेल तरच त्या वाटेला जा.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ‘१०० पीएसआयला ३३ टक्के’ याचा अर्थ दहा मिनिटं चालवला तर वीस मिनिटं विश्रांती. हा आकडा साधारण २२ अंश तापमान धरून काढलेला असतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गाडीखाली त्याच्या दुप्पट तापमान असतं, तेव्हा ३३ टक्क्यांचे पंचवीसच धरा. तापल्यावर आपोआप बंद पडणारा थर्मल कटआउट असलेलाच कॉम्प्रेसर घ्यावा.

मोटर १२ व्होल्टची आहे ना, हेही पाहून घ्या. मोठ्या ट्रकांची वीज २४ व्होल्टची असते, आणि ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात २४ व्होल्टचा माल सर्रास मिळतो. तो १२ वर रडत-खडत फिरतो आणि दाब धरत नाही. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याला २३० व्होल्ट लागतात आणि तो हवेबरोबर तेल फेकतो, ते तेल टायरच्या रबराला लागतं. इंजिनच्या पट्ट्यावर गाडीच्या एसीचा जादा कॉम्प्रेसर लावण्याची पद्धतही आहे. हवा भरपूर मिळते, पण हल्लीच्या बहुतेक एसी कॉम्प्रेसरना गॅसबरोबर फिरणारं तेल लागतं. नुसत्या हवेवर ते कोरडे पडून अडकतात.

टाकी हवी की नको

टायर भरायला टाकी लागत नाही, आणि टाकीमुळे टायर लवकर भरतो ही समजूत फार तर पहिल्या टायरपुरती खरी आहे. ८ लिटरची टाकी १५० पीएसआयला भरलेली असेल तर ती ३५ वर येईपर्यंत सुमारे ६२ लिटर हवा देते. म्हणजे एक टायर. त्यानंतर सगळा भार पुन्हा कॉम्प्रेसरवरच.

टाकीचा खरा उपयोग ब्लोगनला, म्हणजे हवेचा झोत मारून साफसफाई करायच्या गनला, होतो. टाकी नसेल तर गनचा खटका दाबताच दाब पडतो, कॉम्प्रेसर सुरू होतो, खटका सोडताच बंद होतो, आणि ही चालू-बंद मिनिटाला कितीतरी वेळा होते. मोटर सुरू होताना सर्वांत जास्त करंट ओढते, त्यामुळे रिलेची टोकं जळतात. रेडिएटर किंवा एअर फिल्टर साफ करायचं काम असेल तर ८ ते १० लिटरची टाकी घ्या. नट-बोल्ट खोलायची अर्ध्या इंची इम्पॅक्ट गन चालवायची अपेक्षा मात्र ठेवू नका. टाकी १५० वरून ९० वर येईपर्यंत जेमतेम ३३ लिटर देते, आणि अशी गन मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पिते. पंधरा सेकंदांत खेळ संपतो.

टाकी दाबासाठीच बनवलेली असावी आणि तिच्या पट्टीवर कमाल दाब कोरलेला असावा. घरगुती गॅसचं जुनं सिलिंडर, आग विझवण्याचं नळकांडं किंवा वेल्डरकडून पत्र्याची जोडून घेतलेली टाकी वापरू नका. दाबाखालची हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवते. पाण्याची टाकी फुटली तर चिरते, हवेची फुटली तर तिचे तुकडे उडतात. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी चालते, पण नवी घ्या. भंगारातली बाहेरून रंगवलेली असली तरी आत पाणी साचून तळाला गंजलेली असते आणि ते बाहेरून कळत नाही.

सामान

कॉम्प्रेसर आणि टाकीखेरीज लागणारं सामान असं: १० चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर (लाल आणि काळी, प्रत्येकी गाडी मोजून वर अर्धा मीटर), ४० अँपिअरचा पट्टी फ्यूज आणि झाकणाचा होल्डर, ७० किंवा ८० अँपिअरचा चार पिनांचा रिले, डॅशबोर्डवर लावायचा, आत दिवा असलेला स्विच, १.५ चौरस मिलिमीटरची कंट्रोल वायर, ५ अँपिअरचा फ्यूज, प्रेशर स्विच (११० ते १३५ च्या दरम्यान चालू, १४५-१५० ला बंद), १७५ पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), अर्धा मीटर लांबीची स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन नळी, ८ मिलिमीटरचा नायलॉन पाइप, पितळी फिटिंग, प्रेशर गेज, क्विक कपलर (नळी झटकन जोडायचं-काढायचं तोंड), आठ मीटर नळी आणि टायरच्या व्हॉल्व्हला क्लिपने धरणारं नळीचं तोंड, म्हणजे टायर चक.

फिटिंग घेताना आटे तपासा. बाहेरून आलेल्या कॉम्प्रेसरला आणि प्रेशर स्विचला बहुधा एनपीटी (अमेरिकी मापाचे) आटे असतात, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते बीएसपी (ब्रिटिश मापाचे). पाव इंची एनपीटीला इंचात १८ आटे असतात, बीएसपीला १९. आट्यांचा कोनही वेगळा, एकाला ६० अंश तर दुसऱ्याला ५५. त्यामुळे दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग घट्ट होतात. बसलं असं वाटतं, प्रत्यक्षात आटे चिरडलेले असतात. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे देऊनही ती गळती थांबत नाही. एक तर सगळं सामान एकाच मापाचं घ्या, किंवा एनपीटी ते बीएसपी अडॅप्टर घेऊन त्याच्या पुढे सगळं बीएसपी ठेवा. हायड्रॉलिकच्या दुकानात हा अडॅप्टर मिळतो.

वायर घेतानाही फसगत होते. कारच्या म्युझिक सिस्टिमसाठी मिळणारी जाड, स्वस्त वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट. एक तार सुटी करून ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आतून चंदेरी निघाली तर परत करा. वरून चंदेरी आणि आतून लाल निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची, उत्तम.

जागा आणि ब्रॅकेट

तीन जागा सुचतात: बॉनेटखाली, हौद्याखाली चासीलगत, किंवा सीटखाली-सीटमागे केबिनमध्ये. बॉनेटखाली बॅटरी जवळ असल्याने वायर लहान लागते, पण गरमी जास्त. बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टवर डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) असतो आणि तो स्वतःला साफ करताना त्यातला वायू ६०० अंशांच्या आसपास जातो. डीपीएफ, टर्बो आणि मॅनिफोल्ड यांपासून कॉम्प्रेसर आणि वायर किमान एक वीत दूर, मध्ये पत्र्याची आड, हा नियम मोडू नका. हौद्याखाली हवा मोकळी खेळते पण चिखल, दगड आणि पाणी थेट येतं. केबिनमध्ये कॉम्प्रेसर सर्वांत स्वच्छ राहतो, आवाज मात्र डोकं उठवतो.

बहुतेक कामाच्या पिकअपसाठी हौद्याखालची, मागच्या चाकाच्या पुढची, चासीच्या आतल्या बाजूची जागा आम्हाला बरी वाटते. मात्र तिथे दोन गोष्टी कराव्या लागतात. कॉम्प्रेसर चासीच्या खालच्या कडेपेक्षा वर राहिला पाहिजे. आणि त्याचं हवा ओढण्याचं तोंड तिथे न ठेवता नळीने वर, केबिनमागे किंवा केबिनच्या आत न्यायचं, फिल्टर तिथे बसवायचा. कोकणात जुलैमध्ये ओढ्यातून गाडी काढताना कॉम्प्रेसर पाण्याखाली गेला तर एक वेळ सुकतो, पण चालू असताना पाणी ओढलं तर पिस्टन आणि रिंगा जातात.

ब्रॅकेट ५ मिलिमीटर पोलादी पट्टीचा करा. ३ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर कडा वाकवून घ्या, नाहीतर थरथरीने महिन्या-दोन महिन्यांत भोकाशी चीर जाते. चासीला आधीपासून असलेली भोकं वापरा. नवं भोक पाडायचीच वेळ आली तर चासीच्या उभ्या बाजूला, मधोमध पाडा. वरच्या-खालच्या आडव्या कडेला भोक नको आणि चासीवर वेल्डिंगही नको. तिथूनच चासीला तडा सुरू होतो. एम-८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, खाली रुंद वॉशर, वर नायलॉक नट, आणि घट्ट करण्याचं माप २४-२५ न्यूटन मीटर. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावूनच बोल्ट घाला. कॉम्प्रेसरबरोबर आलेले रबरी पाय टाकून देऊ नका. थरथर चासीत आणि केबिनमध्ये जाऊ न देणं हेच त्यांचं काम.

वायरिंग

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. सगळं पूर्ण होईपर्यंत ते लावायचं नाही.

१० चौरस मिलिमीटरचा आग्रह का, ते आकड्यांत बघा. कॉम्प्रेसर बॅटरीपासून तीन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर वायर. ३० अँपिअर वाहताना २.५ ची वायर सुमारे १.४ व्होल्ट खाते, ४ ची ०.८५, ६ ची ०.५५ आणि १० ची ०.३३. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असतील तर बारीक वायरच्या टोकाला मोटरला ११ च मिळतात. मोटर सावकाश फिरते, दाबाविरुद्ध सुरू होताना अडखळते, अडखळलेली मोटर आणखी करंट ओढते आणि तापते. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज टाकायचा मोह इथेच होतो आणि त्यातूनच वायर पेटते. अर्धा व्होल्ट ही कमाल मर्यादा धरा. जोडमोटर असेल तर तेवढ्याच अंतराला १६ चौरस मिलिमीटर ही किमान वायर.

मुख्य लाइन अशी जाते. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली लाल वायर १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूजमध्ये गेली पाहिजे. फ्यूज कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी नसून वायरला वाचवण्यासाठी असतो. तो कॉम्प्रेसरजवळ लावला आणि मधली वायर चासीला घासून सोलली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिकाणी उतरेल आणि फ्यूज तसाच राहील. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला, ८७ मधून कॉम्प्रेसरच्या लाल वायरला. कॉम्प्रेसरची काळी वायर तेवढ्याच जाडीची ठेवून चासीच्या रंग खरवडलेल्या, चकचकीत जागेवर बोल्टने घट्ट करा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. कॉम्प्रेसर रबरी पायांवर बसलेला असल्यामुळे त्याला ब्रॅकेटमधून अर्थ मिळत नाही, काळी वायर स्वतंत्रच लागते. इंजिन आणि चासीमधली मूळ अर्थची पट्टी गंजली असेल तर आत्ताच बदला.

काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेण्याआधी त्या टर्मिनलवर छोटी डबी आहे का पहा. हल्लीच्या अनेक गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला टाळून थेट खांबावर वायर लावली तर गाडीच्या संगणकाला बॅटरीचा चुकीचा हिशेब मिळतो. अशा गाडीत अर्थ चासीवरच घ्यावी.

कंट्रोलची लाइन वेगळी आणि बारीक. फ्यूज बॉक्समधल्या चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एखाद्या जागेवरून, फ्यूजच्या जागी बसणारा टॅप वापरून ५ अँपिअरची लाइन घ्या. ती डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून प्रेशर स्विचला, तिथून रिलेच्या ८६ ला. ८५ ला अर्थ. मूळ हार्नेसची वायर सोलून किंवा कापून जोड देऊ नका. वॉरंटीचा दावा तिथे अडतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर तो जोड हिरवा पडतो. चावीवरची लाइन घेतल्यामुळे स्विच चालू राहिला तरी रात्री कॉम्प्रेसर सुरू होऊन बॅटरी उतरत नाही. टाकी थंड झाली की दाब उतरतो आणि प्रेशर स्विच पुन्हा चालू होतो, हे लक्षात न घेतल्याने सकाळी गाडी ढकलावी लागते.

प्रेशर स्विच मुख्य लाइनमध्ये थेट घालू नका, जरी त्यावर ३० अँपिअर लिहिलेलं असलं तरी. त्याची टोकं सावकाश उघडतात, प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि एक दिवस ती चिकटतात. चिकटली की कॉम्प्रेसर थांबत नाही आणि सगळा भरवसा सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. हॉर्नचा साधा ३०-४० अँपिअरचा रिले ३० अँपिअरवर सलग दहा मिनिटं चालवला तर त्याचं प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून ७०-८० चा. रिले बॅटरीजवळ, उभा, पिना खाली करून लावा, म्हणजे पाणी साचत नाही.

थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं, बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. स्वतःचा नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात दाबून मिळतं. हातोडीने ठोकलेला जोड वरून घट्ट दिसतो, आत मात्र तारांमध्ये पोकळी राहते आणि तिथेच तो तापतो. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, वायर हलता कामा नये. सोल्डर नको, कारण सोल्डर वायरमध्ये झिरपून ती कडक करतो आणि थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते. वरून गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पूर्ण लांबीवर नालीदार पाइप, दर २०-२५ सेंटिमीटरवर बांधणी, आणि पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट. डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळीला वायर बांधू नका.

हवेची लाइन

कॉम्प्रेसरच्या तोंडातून येणारी हवा शंभर अंशांच्या वर तापलेली असते. तिथे पहिला अर्धा मीटर जाळीची टेफ्लॉन नळीच हवी. निळा पीयू (पॉलियुरेथेनचा) पाइप थेट लावला तर तो मऊ पडून फिटिंगमधून निसटतो किंवा फुगून फुटतो. त्यापुढे ट्रकच्या एअर ब्रेकला वापरतात तो नायलॉन पाइप घ्या. तो ऊन आणि डिझेल दोन्ही सोसतो. पाइप करवतीने न कापता पात्याने काटकोनात कापा. तिरका कापलेला पाइप पुश फिटिंगच्या रिंगला एका बाजूनेच टेकतो आणि गळतो.

क्रम असा: कॉम्प्रेसर, टेफ्लॉन नळी, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (बाण टाकीकडे), टाकी. टाकीच्या तोंडांवर सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच आणि गेज, तळाला पाणी सोडण्याचा कॉक, आणि बाजूच्या तोंडातून लाइन कपलरकडे. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही कॉक येता कामा नये. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह विसरला तर टाकीचा दाब पिस्टनवर येतो आणि मोटर पुढच्या वेळी भाराखाली सुरू होते. बऱ्याच कॉम्प्रेसरच्या नळीतच तो बसवलेला असतो, आधी बघून घ्या. टाकी नसेल तर हेच सगळं पितळी मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक तोंडांच्या ठोकळ्यावर, बसवायचं.

टेफ्लॉन टेप तीन वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने, आणि पहिला आटा मोकळा सोडून. त्या मोकळ्या आट्यावर टेप गेली तर तिचा तुकडा आत तुटून नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो. मग तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. कपलर मागच्या कोपऱ्यात, बंपरच्या वर लावा आणि त्याला रबरी टोपी घाला. आठ मीटर नळी असेल तर तिथून चारही चाकांना पोचते.

पहिली चाचणी

इंजिन चालू करा. चालू इंजिनात १३.८-१४.२ व्होल्ट मिळतात, बंद असताना १२.५, आणि कॉम्प्रेसर तो फरक ओळखतो. स्विच दाबा आणि गेजकडे लक्ष ठेवा. १४५-१५० ला कॉम्प्रेसर थांबलाच पाहिजे. १६० ओलांडूनही चालू राहिला तर स्विच हाताने बंद करा. प्रेशर स्विचची जोडणी चुकलेली आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी हाताने ओढून तो मोकळा आहे ना, हेही आत्ताच पाहा.

कॉम्प्रेसर भाराखाली, शंभर पीएसआयच्या वर चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचे आणि कॉम्प्रेसरच्या दोन वायरींमधले व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक टप्पा मोजा: फ्यूजच्या दोन बाजू, रिलेच्या ३० आणि ८७, काळ्या वायरचं टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह. जिथे ०.२ व्होल्टच्या वर दिसेल तो जोड कच्चा.

मग इंजिन बंद करून प्रत्येक फिटिंगवर साबणाचं पाणी लावा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दाब पाच-दहा पीएसआयने उतरला तर घाबरू नका, तापलेली हवा थंड होऊन आकसते. त्यानंतरचा दाब लिहून ठेवा आणि सकाळी पाहा. रात्रभरात दहा पीएसआयपर्यंत उतरणं चालेल. टाकी रिकामी होत असेल तर आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि पाण्याचा कॉक तपासा, फिटिंग नंतर.

नंतर काय बिघडतं

स्विच दाबल्यावर रिले टिकटिक करतो पण मोटर फिरत नाही: मुख्य फ्यूज किंवा ८७ नंतरचा जोड. रिलेही गप्प: ५ अँपिअरचा फ्यूज, नाहीतर टाकी आधीच भरलेली आहे, गेज बघा. मोटर घुरघुरते, सुरू होत नाही आणि फ्यूज उडतो: व्होल्ट कमी किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळका. टाकीतली हवा सोडून पुन्हा सुरू करून पाहा. आता सुरू झाला तर दोष व्हॉल्व्हचाच. मोटर फिरते पण ८०-९० च्या वर दाब चढत नाही: फिल्टर तुंबलेला, डोक्यावरची पाकळी खराब किंवा पिस्टन रिंग झिजलेली. फिल्टर काढून मिनिटभर चालवून बघितलं की यातलं पहिलं कारण लगेच बाजूला होतं. पाच मिनिटांत आपोआप बंद आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू: थर्मल कटआउट आपलं काम करतोय. स्विच बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर तुमचा हात नळीवर असताना तो अचानक सुरू होतो.

वापरतानाही काही गोष्टी पाळा. टायरला हवा भरताना क्लिप चक लावून नळीच्या लांबीएवढं दूर, टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर न थांबता पुढे किंवा मागे उभे राहा. लॉक रिंगची डिस्क (जिच्यावर टायर सुट्या पोलादी रिंगने धरलेला असतो) असेल आणि टायरमधली हवा पूर्ण गेली असेल तर रस्त्यावर हवा भरू नका, तो पंक्चरवाल्याकडे पिंजऱ्यात भरू द्या. रिंग सुटली तर जीव जातो. एअर फिल्टर साफ करताना दाब ३० पीएसआयपर्यंत उतरवा आणि आतून बाहेर हवा मारा. जास्त दाबाने कागद फाटतो आणि ती फट डोळ्यांना दिसत नाही. भुसा उडवताना गॉगल घाला. ब्लोगनने अंगावरची धूळ झाडायची सवय कुणालाही लागू देऊ नका.

टाकीतलं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा सोडा. दाब २०-३० पीएसआय असताना कॉक उघडला की पाणी जोरात निघून जातं. पूर्ण दाबावर उघडला तर तांबूस फवारा तोंडावर येतो. ऊसतोडीच्या आणि मळणीच्या हंगामात कॉम्प्रेसरचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटकायचा. वर्षातून एकदा ब्रॅकेटचे बोल्ट, बॅटरीवरचे थिंबल आणि अर्थचा बोल्ट पान्ह्याने तपासायचे. ग्लोव्ह बॉक्समध्ये ४० अँपिअरचे दोन फ्यूज आणि एक जादा रिले ठेवावा. ७०-८० अँपिअरचा रिले तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही, आणि तिथे हॉर्नचा रिले लावून काम भागवलं तर तो कुठल्याही क्षणी वितळू शकतो.